येसीचा नवस

वापाटो, १३ ऑक्टोबर १९९६

एल्विरा,

हे पत्र तुझी लेक लिहितेय, मी नुसतं तोंड हलवतेय. तिला बजावलंय की मी बोलेन ते सगळं उतरव, आजीला शोभतं का याचा विचार तू करू नकोस. तेव्हा अक्षर तिचं, आगाऊपणा माझा.

तू मार्गारितोच्या मागं ला सिद्राला गेलीस त्याला आता सहा महिने होतील. इथल्या सरकारनं त्याला सरहद्दीपार मायदेशी हाकललं, तुला नव्हतं हाकललं. पण तू धाकट्याला काखोटीला मारलंस आणि थोरल्या येसीला म्हणालीस, शाळा बुडायला नको, आजीजवळ राहा. नवरा तुझा, निवड तुझी. मी त्यावर काही बोलणार नाही. (येसी म्हणते, "आजी, बोललीस की.")

इथं लाल सफरचंदांचा हंगाम जोरात आहे. शेडमध्ये दिवसभर सरकत्या पट्ट्यासमोर उभं राहून डागी फळं वेचायची, संध्याकाळी पाय बुटात मावत नाहीत. नाबोर न्हाव्याचं दुकान अजून आपल्या खोल्यांच्या खालीच आहे. बायको गेल्यापासून तो माझ्या प्रत्येक विनोदाला हसतो. एवढा एक दोष सोडला तर माणूस बरा.

आता खरी बातमी ऐक. तुझ्या येसेनियानं नवस बोललाय. ऑगस्टमध्ये, मातेच्या सणाला, सगळ्या चर्चसमोर गुडघ्यावर बसून. आई घरी येईपर्यंत मक्याची तोर्तिया नाही, पाव नाही, गोड नाही, मटण नाही. मी म्हटलं, "अगं, एखादी गोष्ट सोड. माता काही अडून बसलेली नाही." तर म्हणते, "एका गोष्टीत आई येणार नाही, आजी."

हो, तीच ही, जिला मी पाळण्यापासून ढब्बू म्हणत आले. तिच्या पंधराव्या वाढदिवसाचा झगा मार्चमध्ये पाठीवर लागेना, आठवतं? शिंपिणीनं तोंडातल्या टाचण्यांआड हसू दाबलं. मी म्हटलं, दोन झगे जोडा आणि मधे दार ठेवा. सगळा गोतावळा हसला, तीही हसली. आता त्याच झग्यात आणखी एक मुलगी मावेल. चर्चमधल्या बायका येता-जाता तिच्या खांद्याला हात लावतात आणि तोच हात आपल्या कपाळाला लावतात. मागच्या रविवारी एकीनं आपल्या लेकीला सांगितलं, "बघ, शीक काहीतरी." मला काय वाटलं असेल, विचार कर. साऱ्या खोऱ्यात अशी भक्ती करणारी दुसरी मुलगी नाही. आणि जिच्यासाठी हे सगळं, ती तिकडं मार्गारितोला गरम गरम वाढत बसलीय.

तुझ्या लेकीचं रिकामं पोट तुझी वाट बघतंय, एल्विरा. हे वाक्य येसी लिहायला तयार नव्हती. मी म्हटलं, लिही.

सोबत तिचा फोटो आहे.

तुझी आई, कुका

आई, आजीनं सांगितलं तसंच लिहिलंय. तू लगेच निघायला हवं असं काही नाही. मी मजेत आहे. मला भूक लागतच नाही. — येसी

वापाटो, १५ डिसेंबर १९९६

एल्विरा,

तुझं पत्र येसीनं वाचून दाखवलं. इनमीन चार ओळी, त्यातल्या तीन फोटोवर. मनगटं अशी का, गालांची हाडं का वर आलीत, डॉक्टरला दाखव. वाचताना ती हसत होती. इतक्या लांबून तुला मनगट दिसतं, आणि तिच्याजवळ कोणी नाही हे मात्र दिसत नाही. तू जन्मलीस तेव्हा तुझी मनगटं काड्यांसारखी होती. कुणी तुझा फोटो काढून डॉक्टरला धाडला नव्हता.

तुझ्या सुरात सूर मिळवायला इथंही माणसं आहेत. शाळेतल्या नर्सबाईचा फोन आला. तिला आपली भाषा येत नाही, मला तिची येत नाही, मधे येसी. बाई बोलतेय, बोलतेय. मी विचारलं, "एवढं काय म्हणते?" येसी म्हणाली, "म्हणते मुलगी हुशार आहे, पण गरम कपडे घालत जा." इंग्रजीत एवढ्याशा गोष्टीला इतका वेळ लागतो हे मला माहीत नव्हतं. मी म्हटलं, तिला सांग, मुलीनं नवस केलाय, माझ्या घरात कुणाचा नवस कुणी मोडत नाही, नर्सबाईनं तर नाहीच नाही. येसीनं काहीतरी सांगितलं आणि फोन ठेवला.

थंडी मात्र तिला खरंच बाधते. घरातसुद्धा तीन स्वेटर घालून बसते आणि हात बघावेत तर बर्फ. पण शाळा सुटली की कालव्याच्या कडेनं पळायला जातेच, पाऊस असो, धुकं असो. म्हणते, पळताना प्रार्थना चांगली होते. मी म्हटलं, आमच्या वेळी देव बसल्या जागी ऐकायचा.

बारा तारखेला ग्वादालुपेच्या मातेचा सण झाला. येसीनं एकटीनं तमाल केले. मक्याचं पीठ मळलं, सारण भरलं, कणसाच्या पानांत बांधून उकडले, सगळ्या आळीला वाढले. बोटसुद्धा चाटलं नाही. वाढायला अशी उभी होती की कुणाचं ताट रिकामं म्हणून राहू दिलं नाही. आणि मी खाते तेव्हा माझ्या घासाकडं बघत राहते. मला लाजल्यासारखं होतं, मग मी आणखी एक घेते.

त्या दिवशी नाबोर मला जिन्यात गाठून म्हणाला, "कुकाबाई, पोरीच्या केसांची टोकं कापली. केस नुसते कंगव्याला येतात. या वयाचे केस असे येत नाहीत."

मी म्हटलं, "तुझ्या डोक्यावरचे कधी गेले ते आठव आधी."

तो हसला नाही. मला ते आवडलं नाही.

हे सगळं येसीसमोरच सांगतेय, म्हणजे मागून कुणी म्हणायला नको. ती मान खाली घालून लिहितेय. तू ये. तू दारात उभी राहिलीस की दुसऱ्या मिनिटाला ही पोरगी तव्यावरची तोर्तिया उचलून खाईल. इतकं सोपं आहे, आणि तेवढंसुद्धा तुझ्यानं होत नाही.

तुझी आई

आई, नाबोरकाकांना काहीही वाटतं. डॉक्टरची गरज नाही. तू आलीस तर छानच, नाही जमलं तरी मी रागावणार नाही, खरंच. बाळाला पापा. — येसी

वापाटो, ४ फेब्रुवारी १९९७

एल्विरा,

येसी दवाखान्यात आहे. जिवंत आहे. हे आधी घालायला सांगितलं, कारण तू पत्र घाईघाईनं वाचतेस. हे नाबोर लिहितोय. त्यानं सुरुवातीला तीन ओळींचा नमस्कार लिहिला होता, तो मी खोडायला लावला. ला सिद्राच्या दुकानात फोन केला होता. दुकानदार निरोप देतो म्हणाला. दिला का?

परवा मेणबत्त्यांचा सण होता. घरोघरच्या बाळ येशूच्या मूर्तीला नवे कपडे घालून चर्चमध्ये नेतात, आपला बाळ येसीच्या हातात होता. ती गुडघ्यावर बसली होती. सगळे उठले, तीही उठली, आणि उठली तशी खाली गेली. पडताना बाळाला छातीशी घट्ट धरलं, त्याचा टवकासुद्धा उडाला नाही. मागच्या बाईनं हात जोडले. एक म्हणाली, "मातेनं हिला स्पर्श केला." आणखी दोघी गुडघ्यावर बसल्या.

मीही हात जोडले, एल्विरा. क्षणभरच, पण जोडले.

मग नाबोर पुरुषांच्या बाकांवरून लोकांना ढकलत आला, त्यानं तिला उचललं आणि माझ्याकडं बघून म्हणाला, "कुकाबाई, हिला वजनच नाही." हे लिहिताना तो आता थांबलाय. मी म्हटलं, मी नाही रडत, तू कशाला? लिही.

दवाखान्यात आपली भाषा बोलणारी एक नर्स आहे. तिनं विचारलं, "शाळेनं तुम्हाला फोनवर काय सांगितलं होतं, आजी?" मी म्हटलं, गरम कपडे. तिनं हातातला कागद पुन्हा वाचला. मग म्हणाली, "शाळेनं सांगितलं होतं की मुलीला आजच्या आज डॉक्टरकडं न्या." मी येसीकडं बघितलं. येसी भिंतीकडं बघत होती.

डॉक्टर म्हणतो, हृदय फार हळू चालतंय. झोपेत ते इतकं मंदावतं की मशीन कोकलायला लागतं आणि नर्सा धावत येतात. तो म्हणतो हा आजार आहे, पोरींना होतो, पोरांनाही होतो, त्याला नाव आहे. नाव दोनदा ऐकलं, माझ्या तोंडात बसत नाही. मी म्हटलं, आजार नाही, नवस आहे. त्यानं नर्सला विचारलं, नवस म्हणजे काय? तिनं बराच वेळ समजावलं. मग तो म्हणाला, "हा सोडवता येतो का?"

बघ, शिकलेला माणूस मुद्द्याचं विचारतो. मी म्हटलं, पाद्री सोडवू शकतो. घरातलं दुसरं कुणी तो आपल्या अंगावर घेऊ शकतं. तो म्हणाला, मग बोलवा.

तेव्हा आता काळजी करू नकोस. शनिवारी पाद्री येतोय. नवस सुटला की ती जेवेल. तू बाळाला घेऊन हिवाळ्यात वाळवंटातून सरहद्द ओलांडायचं वेड डोक्यात घेऊ नकोस. मी निस्तरते.

आई

वापाटो, १० फेब्रुवारी १९९७

एल्विरा,

नाबोरच लिहितोय. आज मी भराभर सांगणार आहे, मधे थांबायचं नाही असं त्याला सांगितलंय.

पाद्री आला. सर्दीनं नाक लाल झालेलं, तरी आला. गळ्यात विधीचा पट्टा घातला, येसीच्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाला, "येसेनिया, तू मातेला दिलेल्या शब्दातून मी तुला मोकळं करतो." मी म्हटलं, शब्द वाया जायला नको, तो माझ्यावर घाला. त्यानं माझ्या डोक्यावर हात ठेवला. तू येईपर्यंत तोर्तिया, पाव, गोड आणि मटण आता माझं बंद. येसी "आमेन" म्हणाली. स्वच्छ आवाजात म्हणाली.

मग मी डबा उघडला. कोंबडीचा रस्सा केला होता, भात घालून, वर लिंबू, तिला आवडतो तसा. चमचा तिच्या हातात दिला. "खा, राणी. आता कुणाचं बंधन नाही."

"हो, आजी."

चमचा वर गेला. ओठांपर्यंत गेला आणि खाली आला. पुन्हा गेला, पुन्हा आला. एकदा शेडमध्ये सफरचंदांबरोबर पट्ट्यावरून साप आला होता, तेव्हा मी त्याच्याकडं जसं बघितलं होतं तशी ती त्या चमच्याकडं बघत होती. मी म्हटलं, "गार होईल." ती म्हणाली, "हो." तिसऱ्यांदा चमचा कलला आणि रस्सा चादरीवर सांडला. सांडला तर तिचा चेहरा उजळला, एल्विरा. तेवढं खायचं वाचलं म्हणून. ते मी बघितलं.

"आजी," ती म्हणाली, "नवस नाहीये."

"आत्ताच तर सोडवला."

"नाही. तो आधीपासूनच नव्हता. म्हणजे पहिले काही दिवस होता. मग तुम्ही सगळ्या इतक्या खूश झालात. कुणी वाढेना, कुणी विचारेना. आणि मग मला थांबता येईना."

"आणि आई आली असती तर?"

तिनं विचार केला. लहानपणी हिशेब सोडवताना ओठ आत घ्यायची तसे घेतले. म्हणाली, "आई आली असती तर मी दुसरा नवस बोलले असते."

पाद्री खाली आपल्या बुटांकडं बघत होता. मग त्यानंच डब्यावर झाकण ठेवलं. मला त्याचा राग आला. पण माझ्यानं ते झाकण ठेवलं गेलं नसतं.

मी तुला प्रत्येक पत्रात लिहिलं की तिचं पोट तुझी वाट बघतंय. तिच्याकडून लिहून घेतलं. ते तसं नव्हतं. तुझ्या येण्या-न येण्यावर तिचं जेवण अडलेलं नव्हतं. तुला बरं वाटावं म्हणून हे सांगत नाही. बरं वाटेल की वाईट, मला ठरवता येत नाही.

उद्या तिला डोंगरांपलीकडं सिअ‍ॅटलला नेणार. तिथं अशा मुलांसाठी वेगळा विभाग आहे. मी बरोबर जाते. शेडमध्ये सांगितलंय की मी आता येणार नाही. नाबोर म्हणतो, तो वरच्या आपल्या खोल्या झाडून ठेवील. त्याला झाडता येत नाही, पण ठेवू दे.

आई

सिअ‍ॅटल, २३ मार्च १९९७

एल्विरा,

तुझा निरोप नाबोरमार्फत पोचला. ईस्टर झाल्यावर, एप्रिल संपता संपता, बाळाला सासूकडं ठेवून निघतेस. निघण्याआधी हे पत्र तुला मिळावं, कारण आल्या आल्या तू चूक करशील, आणि ती करू नयेस म्हणून लिहितेय.

आज लिहितेय ती इथली दुभाषी बाई, एल साल्वादोरची. माणूस बोलेल ते सगळं सांगायचं, आपल्या पदरचं घालायचं नाही, काही गाळायचं नाही, असं तिचं काम आहे. मी शिंकले तरी लिहील. तिचा मला हेवा वाटतो.

तर ऐक. तिला बघून "किती वाळलीस" म्हणू नकोस. "बरी दिसतेस" असंही म्हणू नकोस. ते जास्त वाईट. मी पहिल्या आठवड्यात म्हटलं, "गालांवर रंग आलाय," आणि दुसऱ्या दिवशी तिनं पोटात अन्न सोडायला नाकातून घातलेली नळी उपसून काढली. गाल म्हणजे चरबी, असं तिला ऐकू येतं. ढब्बू तर नाहीच, आता नाही, कधीच नाही. ताटात काय होतं, काय उरलं, विचारू नकोस. मग बोलायचं काय? मलाही हाच प्रश्न पडला होता. दुसरं काही बोलायला मला कुठं येतं? मी शेडमधल्या बायकांची भांडणं सांगते. कोण कुणाच्या नवऱ्याबद्दल काय बोललं. ती ऐकते. एकदा हसली.

मी जो नवस अंगावर घेतला होता, तो मी मोडला. इथल्या नर्सनं मला कोपऱ्यात घेऊन विचारलं, "आजी, तुम्ही का जेवत नाही?" मी सांगितलं. ती म्हणाली, "म्हणजे या खोलीत आता दोघी उपाशी." त्याच दुपारी मी येसीसमोर पावाचा तुकडा तोडला. मातेचं आणि माझं काय व्हायचं ते होऊ दे. येसीनं बघितलं.

डॉक्टरीणबाईला विचारलं, ही बरी होईल का? ती इतर डॉक्टरांसारखी गोड बोलत नाही. म्हणाली, काही मुली होतात, काहींना वर्षं लागतात, काही होत नाहीत. हृदयाला किती धक्का बसला ते पुढं कळेल. मी विचारलं, हे कुणामुळं झालं? म्हणाली, एका माणसामुळं होत नाही. हे ती सगळ्यांनाच सांगत असणार. मी झगा शिवताना काय बोलले ते तिला सांगितलं. तिनं तेही लिहून घेतलं.

आता खरी गोष्ट. ती सांगायला मी तीन परिच्छेद लावले, असं दुभाषीबाई म्हणतेय. परिच्छेद म्हणजे काय मला माहीत नाही.

मागच्या आठवड्यात मला यायला उशीर झाला. ज्या नन मला राहायला देतात त्यांच्या घरून दोन बस बदलाव्या लागतात, त्यातली एक आलीच नाही. पोचले तर नर्स दारातच म्हणाली, येसीनं आज ओटची अर्धी वाटी खाल्ली. आपल्या हातानं, नळीविना. मी आत जायला लागले तर तिनं माझ्या दंडाला हात लावला. म्हणाली, उद्या आपण एक करून बघू का? दुसऱ्या दिवशी मी जवळ बसले, तिनं चमचा उचलला नाही. त्याच्या दुसऱ्या दिवशी मला बाहेर बसवलं, तिनं थोडं खाल्लं. पुन्हा आत बसवलं, पुन्हा नाही. मग डॉक्टरीणबाई, नर्स आणि ही दुभाषी अशा तिघीजणी माझ्यासमोर बसल्या. इंग्रजी बोलणं संपलं तरी ही काही सांगेना. मी म्हटलं, बाई, तुझं काम कर.

मी समोर असले की ती खात नाही. मी नसले की खाते.

मी काय म्हणाले असेन सांग. मी म्हटलं, "मग सोपं आहे. इतकी वर्षं लोक माझ्या हातचं मागून खायचे, आता मी निघून जाण्यानं एक जण खातोय. स्वयंपाकाची मेहनत वाचली." कुणी हसलं नाही. दुभाषीबाईनं तर ते नीट सांगितलंही नसावं. (ती म्हणते, सांगितलं होतं.)

तेव्हा आता असं आहे. व्हरांड्याच्या टोकाला जेवणाच्या गाडीची चाकं वाजली की मी शाल गुंडाळते आणि म्हणते, "मी जरा लघवीला जाऊन येते." दिवसातून इतक्या वेळा जाते की नर्सांना वाटत असेल म्हातारीलाही इथंच भरती करावं. येसीला सगळं समजतं. ती म्हणते, "सावकाश ये, आजी." मी दार ओढून घेते आणि बाहेर बसते. आतून चमच्याचा आवाज येतो का, तिकडं कान लावत नाही. लावते, पण येत नाही. जाड दार आहे. गाडी परत बाहेर आली की मी आत जाते आणि त्या गाडीकडं बघत नाही. हे सगळ्यात अवघड आहे.

तुला वाटेल, मी पोचले, तिनं मला बघितलं, की ती जेवेल. मी तुला तेच लिहीत आले, त्यामुळं तुला तसं वाटणारच. नाही जेवणार. तुझ्यासमोरही नाही जेवणार बहुतेक. तुला तिला मिठी मारावीशी वाटेल; हलकी मार, हाडं टोचतात, आणि तोंडावर काही दाखवू नकोस. मग गाडी येईल.

तरी ये. दाराबाहेर भिंतीला लागून दोन खुर्च्या आहेत. एकीवर मी बसते. दुसरीवर पिशवी ठेवते, म्हणजे कुणी बसत नाही.

आई